एकशे वीस दिवसांचं गणित



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय जरा नाजूक आहे. आमच्या घरातल्या काही जणांना तो वाचून 'हिला या वयात काय सुचतंय' असंही वाटेल. वाटू दे :-)

त्याचं असं झालं की माझी एक भाची इथे नागपुरातच स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिच्याकडे महालातून, जरीपटक्यातून, मोमिनपुऱ्यातून, ताजबागच्या बाजूने, सगळीकडून बायका येतात. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, कधी कधी गर्भात मोठा दोष दिसतो. मी बाईला नीट समजावून सांगते. मुसलमान बाई असेल तर बरोबरची सासू पटकन म्हणते, हमारे में नहीं चलता, गुनाह है. संपलं. मी पुढे काय बोलणार? खरंच त्यांच्यात काय लिहिलं आहे? तू इतिहासाची बाई, बघून सांग ना."

मी आयुष्यभर इतिहास शिकवला खरा, पण आमच्या पुस्तकांत मुसलमानांचा इतिहास म्हणजे पानिपतच्या लढाया आणि बादशहांची वंशावळ. बाईच्या गर्भारपणाला कुठल्याच धर्माच्या इतिहासात पान मिळत नाही. मग म्हटलं, आपणच शोधू. वाचनालयं धुंडाळली, जावयाने इंटरनेटवरून काही छापून दिलं. शिवाय एका जुन्या स्नेह्यांना विचारलं. त्या उर्दू शाळेत शिकवायच्या. दहावीचे पेपर तपासायच्या केंद्रावर आमची ओळख झाली, तेव्हापासून मी त्यांना आपा म्हणते. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. मी डॉक्टर नाही आणि मुफ्ती तर नाहीच, हे आधीच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे कुराणात गर्भपात हा शब्द घेऊन सरळ हो किंवा नाही असं सांगणारी आयत नाही. गर्भ कसा वाढतो याचं वर्णन मात्र आहे, विशेषतः तेविसाव्या सूऱ्याच्या सुरुवातीला. आधी थेंब, मग चिकटून राहणारा गोळा, मग मांसाचा तुकडा, मग हाडं, हाडांवर मांस, आणि त्यानंतर एक वेगळीच निर्मिती. दारिद्र्याच्या भीतीने मुलं मारू नका, अशी आज्ञा दोन ठिकाणी आहे. आणि एक्क्याऐंशीव्या सूऱ्यात जिवंत पुरलेल्या मुलीचा उल्लेख आहे. कयामतच्या दिवशी त्या मुलीलाच विचारलं जाईल, तुला कोणत्या अपराधासाठी मारलं? इस्लामपूर्व अरबस्तानात मुली पुरायची चाल होती, तिच्यावरचा हा घाव आहे.

दिवसांचा हिशेब येतो तो हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेतून. इब्न मसूद यांच्या नावाने सांगितली जाणारी एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहे. तिचा आशय असा घेतला जातो की चाळीस दिवस थेंब, चाळीस दिवस गोळा, चाळीस दिवस मांस, आणि मग फरिश्ता येऊन त्यात रूह, म्हणजे आत्मा, फुंकतो. चाळीस त्रिक एकशेवीस! पण मुस्लिम यांच्याच संग्रहात दुसरी एक हदीस आहे, तिच्यात बेचाळीस रात्रींचा आकडा येतो. पुढच्या हजार-बाराशे वर्षांचा सगळा वाद या दोन आकड्यांच्या भोवती फिरतो.

एक गोष्ट मला फार रोचक वाटली. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. काही जुन्या भाष्यकारांनी या मुदतीचा संबंध या एकशेवीस दिवसांशी जोडला आहे. चार महिन्यांनी गर्भात जीव येतो, आणि वर दहा दिवस खात्रीसाठी. म्हणजे बाई गरोदर आहे की नाही हे तोवर नक्की कळावं.

आता 'इस्लाममध्ये काय आहे' याचं एकच उत्तर का मिळत नाही, ते सांगते. सुन्नी मुसलमानांमध्ये कायद्याच्या चार परंपरा आहेत: हनफी, शाफई, मालिकी, हंबली. एकशेवीस दिवसांनंतर गर्भ पाडणं निषिद्ध, यावर चौघांचंही एकमत. त्या आधीच्या काळाबद्दल मात्र चार दिशा. मालिकी सर्वांत कडक, त्यांच्या प्रमुख मतानुसार गर्भ धरला की हात लावायचा नाही, चाळीस दिवसांच्या आतही नाही. हंबलींमध्ये चाळीस दिवसांपर्यंत सूट मानणारे बरेच. हनफींमध्ये योग्य कारण असेल तर एकशेवीस दिवसांपर्यंत परवानगी मानणारे पुष्कळ. आणि शाफईंमध्ये आपसांतच वाद.

गंमत म्हणजे यातल्या दोन परंपरा आपल्या महाराष्ट्रातच शेजारी शेजारी नांदतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी. कोकणातले मुसलमान मात्र शाफई, कारण त्यांचं नातं दिल्लीपेक्षा समुद्रापलीकडच्या अरब व्यापाऱ्यांशी जास्त. मुंबईत माहीमला ज्यांचा दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी हे शाफई पंडित होते, चौदाव्या-पंधराव्या शतकातले. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. म्हणजे रत्नागिरीची एखादी मुलगी लग्न होऊन नागपुरात आली, तर माहेरच्या आणि सासरच्या काझींचं या बाबतीत मत वेगळं असू शकतं, आणि दोघंही आपापल्या परंपरेप्रमाणे बरोबर!

शाफई परंपरेतला सर्वांत मोठा विचारवंत म्हणजे गझाली. हे अकराव्या शतकातले, मृत्यू ११११ साली. त्यांनी गर्भनिरोध आणि गर्भपात यांत स्पष्ट फरक केला. गर्भ राहूच न देणं त्यांना चालत होतं. पण गर्भ राहिल्यावर तो पाडणं म्हणजे अस्तित्वात आलेल्या गोष्टीवर आघात. आणि अस्तित्वाला पायऱ्या आहेत, तसा अपराधही पायरीपायरीने वाढतो: थेंब असताना कमी, गोळा झाल्यावर जास्त, जीव आल्यावर आणखी जास्त, जन्मल्यावर सर्वांत जास्त. हा पायऱ्यांचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात 'काहीच हरकत नाही' असंही नाही, आणि 'पहिल्या दिवसापासून खून' असंही नाही.

बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या कायद्यात तर या पायऱ्यांना चक्क दर लावलेले आहेत. कुणी गर्भ पाडला तर भरपाई थेंबाला वीस दिनार, गोळ्याला चाळीस, मांसाला साठ, हाडं आल्यावर ऐंशी, पूर्ण आकार आल्यावर शंभर. सुन्नी कायद्यात मारामारीत कुणी बाईला इजा करून गर्भ पाडला तर पूर्ण माणसाच्या भरपाईचा विसावा हिस्सा. माणसाच्या जिवाची भरपाई शंभर उंट, गर्भाची पाच.

पण याच कायद्यात गर्भाला हक्कही आहेत. नवरा वारला आणि बायको गरोदर असेल तर पोटातल्या बाळाचा वारसा हिस्सा राखून ठेवावा लागतो. बाळ जिवंत जन्मलं तर तो त्याचा. हा भाग सर दिनशा मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरच्या ग्रंथात वाचायला मिळतो. मुल्ला मुंबईचे पारशी वकील, आणि त्यांच्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्या संपादित केल्या आपल्या नागपूरच्या हिदायतुल्ला साहेबांनी. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, १९५४ पासून नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. कायद्याचा असा प्रवास बघितला की मजा वाटते.

आता जरा आपल्या जवळच्या ग्रंथाकडे येऊ. औरंगजेबाच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हनफी निवाड्यांचा एक प्रचंड संग्रह तयार झाला, फतावा-ए-आलमगिरी. तो करणाऱ्या पंडितांचे प्रमुख होते शेख निझाम, राहणारे बऱ्हाणपूरचे. भुसावळच्या पुढचं आपलं बऱ्हाणपूर! औरंगजेब म्हटलं की आपल्याला जे आठवतं ते आठवतंच, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण या ग्रंथात एका बाईचा प्रश्न आहे, तो वाचून मी थांबले.

प्रश्न असा. एक बाई अंगावर पाजते आहे. तिला पुन्हा दिवस गेले आणि दूध आटलं. पदरचं मूल दगावेल अशी भीती आहे. दुसरी पाजणारी ठेवण्याची बापाची ऐपत नाही. तर तिने औषध घेऊन गर्भ उतरवावा का? उत्तर: घेऊ शकते, जोवर गर्भाला अवयव आलेले नाहीत. आणि ते येतात एकशेवीस दिवसांनंतर.

विचार करा. बादशाही ग्रंथ, अरबी भाषा, मोठमोठे मौलवी, आणि त्यांच्यासमोर एक गरीब आई, जिचं दूध आटलं आहे. तिचं नाव नाही, गाव नाही. पण अशा बाया होत्या म्हणूनच तो प्रश्न ग्रंथात आला. आणि त्या मौलवींनी 'भोग आपल्या कर्माची फळं' असं म्हटलं नाही, तिच्या घरची परिस्थिती पाहून उत्तर दिलं. पदरच्या मुलाचा जीव आणि बापाची ऐपत, दोन्ही त्या उत्तरात मोजलेली आहेत.

आईच्या जिवाला धोका असेल तर? इथे जुन्या हनफी पंडितांची अडचण समजून घ्यायला हवी. दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांच्यासारखे लोक म्हणत, जीव आल्यावर गर्भ कापून काढू नका, कारण आई मरेलच हे कशावरून? तो केवळ अंदाज आहे, आणि अंदाजासाठी जीव घेता येत नाही. त्या काळात ना सोनोग्राफी, ना रक्तदाब मोजायचं यंत्र. त्यांची शंका वाजवीच होती. वैद्यकशास्त्र पुढे गेलं तसं हे मतही बदललं. अल अझहरचे शेख महमूद शलतूत यांनी विसाव्या शतकात सांगितलं की आई हे मूळ आहे आणि गर्भ ही तिच्यातून फुटलेली फांदी. फांदीसाठी मूळ तोडत नाहीत. आज आईचा जीव खरोखर धोक्यात असेल तर एकशेवीस दिवसांनंतरही परवानगी, हे मत बऱ्याच ठिकाणी रुळलं आहे.

आणि गर्भातल्या दोषाबद्दल? मक्केतल्या इस्लामी फिकह परिषदेने फेब्रुवारी १९९० मध्ये निर्णय दिला. तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने तपासून गर्भात बरा न होणारा गंभीर दोष असल्याची खात्री दिली, तर आईवडिलांच्या इच्छेने एकशेवीस दिवसांच्या आत गर्भपात करता येतो. इराणात थॅलेसेमियाचा प्रश्न मोठा. तिथे आधी धर्मगुरूंचे फतवे निघाले आणि २००५ मध्ये चार महिन्यांपर्यंतच्या वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला.

आता माझ्या भाचीच्या टेबलावरचा खरा पेच. तो गणिताचा आहे! डॉक्टर गर्भाचं वय मोजतात शेवटच्या पाळीपासून. फिकहवाले मोजतात गर्भ राहिल्यापासून. दोन्हीत साधारण दोन आठवड्यांचा फरक. म्हणजे फिकहचे एकशेवीस दिवस डॉक्टरांच्या हिशेबाने होतात सुमारे एकोणीस आठवडे. आणि गर्भातले दोष पाहायची मोठी सोनोग्राफी कधी होते? अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास! अगदी दार बंद होता होता रिपोर्ट हाती येतो. अठराव्या आठवड्यात आलेल्या बाईला तिच्या धर्माप्रमाणेही काही दिवस उरलेले असतात, आणि ते दिवस ती 'चालत नाही' या एका वाक्यापायी घालवून बसते. पुढे मग खरोखरच चालत नाही.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा मोठा प्रश्न आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी दहाव्या ते तेराव्या आठवड्यातच करता येते. म्हणजे एकशेवीस दिवसांच्या कितीतरी आधी. तपासणी लवकर झाली तर धर्मसंकटही हलकं होतं. हे डॉक्टरांनी आणि मशिदीतल्या इमामांनी दोघांनीही सांगायला हवं, असं मला वाटतं.

कायद्याचं म्हणाल तर भारतात गर्भपाताचा कायदा सर्व धर्मांना एकच आहे. १९३७ च्या शरियत कायद्यात विवाह, वारसा, मेहर वगैरे विषय येतात, गर्भपात येत नाही. इंग्रजांच्या दंडसंहितेत १८६२ पासून गर्भपात हा गुन्हा होता, फक्त आईचा जीव वाचवण्यापुरती सूट. त्यातही गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर शिक्षा तीनऐवजी सात वर्षं. म्हणजे इंग्रजांनीही रेघ ओढली ती चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपासच! हे कलम बदलावं का, हे ठरवायला १९६४ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह. १९६६ च्या शेवटी त्यांचा अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू. मुदत वीस आठवडे. २०२१ च्या दुरुस्तीने ती काही ठरावीक प्रसंगी चोवीस झाली, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. फिकहचे बरेच पंडित नवऱ्याची संमती हवी म्हणतात, आणि दवाखान्यातही अनेक ठिकाणी ती मागतात, हे खरं. पण कायद्यात ती नाही, हे आपल्या लेकीसुनांना ठाऊक असावं.

मग एवढं सगळं असताना 'चालत नाही' हेच वाक्य घरोघरी का पोचलं? माझ्या मते त्याचं एक कारण १९७६ साल. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, सुदैवाने ते कायदा झालं नाही. ज्या बायाबापड्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सरकारी दवाखाना म्हणजे धाक वाटू लागला. ही भीती फक्त मुसलमानांची नव्हती, पण त्यांच्यात ती जास्त काळ टिकली, कारण 'त्यांना मुलं फार' हे टोमणे आजही थांबलेले नाहीत. ज्याला सतत टोमणे ऐकावे लागतात तो आपलं दार घट्ट लावून घेतो. ग्रंथातली बारीकसारीक सवलत मग दाराबाहेर राहते आणि आत उरतो तो एक शब्द, गुनाह.

आणि आपण काही वेगळे नाही हो. 'भ्रूणहत्या महापाप' हे आपल्याकडेही ऐकत आलो. तरी विधवांच्या पोटातल्या गर्भाचं काय व्हायचं, हे जोतिरावांना आणि सावित्रीबाईंना ठाऊक होतं, म्हणून तर १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं. आणि चौथ्या महिन्याचं म्हणाल तर सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आई 'दोन हृदयांची' होते, आणि म्हणून तिच्या इच्छा पुरवाव्यात. आपला 'डोहाळे' हा शब्द याच कल्पनेशी जोडतात. मक्का, लंडन आणि सुश्रुत, सगळ्यांनी चौथ्या महिन्यापाशी थांबून कान लावला. आईला पोटात हालचाल जाणवू लागते ती त्याच सुमाराला. मला वाटतं, सगळ्या शास्त्रांना ही गोष्ट मुळात बायकांनीच सांगितली असणार!

आपांना मी हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी उच्चार सुधारले आणि म्हणाल्या, "बाई, एक बात लिखना. पहले डॉक्टर से पूछो, फिर मुफ्ती से पूछो, लेकिन पड़ोसन से मत पूछो."

मी पुढे विचारलं, सगळे मुफ्ती असंच सांगतील का? त्या हसल्या. म्हणाल्या, काही कडक सांगतील, काही सवलत देतील. दारिद्र्याचं कारण पुढे केलं तर बहुतेक नाहीच म्हणतील. मुलगी आहे म्हणून विचारलं तर सगळेच हाकलून देतील, आणि द्यायलाच हवं. जिवंत पुरलेल्या मुलीचा प्रश्न त्यांच्या ग्रंथात उगाच नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राने केला. तो करावा लागला, यातच आपल्या सगळ्यांचं काय ते आलं.

तर मंडळी, माझ्यापुरता निष्कर्ष एवढाच. कुठल्याही धर्माचा ग्रंथ त्या धर्माच्या गल्लीपेक्षा जास्त समजूतदार असतो, असं मी म्हणणार नाही, तसं नेहमी नसतं. पण या एका प्रश्नात मात्र गल्लीतलं मत ग्रंथापेक्षा कडक झालं आहे. निर्णय कुणी कोणता घ्यावा हे मी सांगणारी कोण? ज्या बाईला बाळ ठेवायचं आहे तिने ते आनंदाने ठेवावं, आणि तिला 'कशाला ठेवलंस' असं विचारायचा अधिकार डॉक्टरांनाही नाही. फक्त नाही म्हणायचं तर ते पूर्ण माहिती घेऊन म्हणावं. हिशेबातले दिवस उरलेले असताना ऐकीव वाक्यापायी ते हातचे जाऊ नयेत.

असो. लेख फार लांबला. इथे वाचणाऱ्यांत कुणी मुस्लिम मैत्रिणी असतील, विशेषतः कोकणातल्या, तर तुमच्या घरी याबद्दल काय बोललं जातं ते जरूर लिहा. मला शाफईंबद्दल अजून खूप समजून घ्यायचं आहे. आणि नातेवाईक मंडळींनो, फोनवर रागावण्याआधी लेख एकदा पूर्ण वाचा :-)